बाबरांच्या घरची सौदामिनी

पूर्वी मुलगी बघायला मुलाकडचे लोक यायचे. पोहे खायचे, मुलीला चार प्रश्न विचारायचे आणि 'कळवतो' म्हणून निघून जायचे. आता मुलीकडचे लोक मुलाच्या घरी मालिका बघायला जातात. पोहे तेच आहेत. 'कळवतो' हेही तेच आहे. प्रगती म्हणावी तर एवढीच, पण झाली आहे हे नाकारता येत नाही.

चंद्रिका वाहिनीवर 'घरची वीज' नावाची मालिका लागते. तिची नायिका सौदामिनी इनामदार. सौदामिनी सशक्त आहे. हे मालिकेच्या जाहिरातीतच लिहिलेलं असल्यामुळे शंका घ्यायचं कारण नाही. मालिकेतली बाई सशक्त करण्याची आपल्याकडे एक जुनी, सिद्ध कृती आहे. तिला आधी कलेक्टर करायचं, नाहीतर फौजदार. मोटरसायकलवर बसवायचं. पहिल्या आठवड्यात तिच्या हातून एक गुंड आडवा पाडायचा. मग तिचं लग्न लावायचं आणि पुढची चार वर्षं तिला दाराआडून लोकांचं बोलणं ऐकायला उभं करायचं. खिरीत विष कोणी कालवलं हे तिला ठाऊक असतं; पण घराची अब्रू जाऊ नये म्हणून ती खीर स्वतःच पिते. सशक्त म्हणजे जास्त ओझं ओढणारी, ही व्याख्या बैलांच्या बाजारात फार पूर्वीपासून चालू होती. तिथून ती टीव्हीवर आली.

मग 'मर्जी' आली.

टीव्हीच्या वरच्या कडेला मोहरीएवढा कॅमेरा असतो. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची एक लाट चेहऱ्यापर्यंत येते आणि कातडीचा रंग अगदी किंचित बदलतो. जन्मदात्या आईलाही तो बदल दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून नाडी कळते. डोळ्यातली बाहुली किती मोठी झाली, श्वास कुठे अडकला, हेही कळतं. ही सगळी माहिती 'मर्जी' नावाच्या यंत्रणेकडे जाते. सौदामिनीचं काम करणाऱ्या नटीचा चेहरा, आवाज आणि चाल वाहिनीने कायमची विकत घेतलेली आहे, त्यामुळे प्रसंग पुन्हा चित्रित करावा लागत नाही. संगणक तो जागच्या जागी हवा तसा घडवतो. म्हणजे कथा एकच, पण भाग प्रत्येक घरासाठी वेगळा. एका घरात सौदामिनी दिराला थप्पड मारते, शेजारच्या घरात तीच थप्पड खाते, आणि समोरच्या बंगल्यात दोघं मिळून सत्यनारायण घालतात.

नायिकेचा किती ताठपणा एखाद्या घराला सोसतो, याला वाहिनीतले लोक 'पचनरेषा' म्हणतात. घरात चार जण बघत असतील तर 'मर्जी' चौघांची सरासरी काढत नाही. जो सर्वात अस्वस्थ होतो त्याचं ती आधी ऐकते, कारण खूश असलेला माणूस टीव्ही बंद करत नाही. टीव्ही बंद होऊ नये, एवढंच तिला सांगितलेलं आहे. बायकांनी कसं वागावं याविषयी तिला स्वतःचं काही मत नाही. या एका बाबतीत ती देशातल्या सर्वांहून वेगळी आहे.

बायकांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. "काल सासूला काय सुनावलं गं तिनं!" असं एक शेजारीण म्हणाली आणि दुसरी म्हणाली, "सुनावलं? आमच्याकडं तर पाय चेपत होती." एकीच्या घराचा आतल्या खोलीपर्यंतचा नकाशा दुसरीला एका वाक्यात मिळाला होता. पुढच्या लग्नसराईपर्यंत पत्रिका, पगार, गोत्र यांच्या जोडीला स्थळाची सौदामिनी बघायची पद्धत पडली.

साताऱ्याच्या शाल्मली काळोखेसाठी ही पद्धत तिच्या कुमुदमावशीने अंगीकारली. शाल्मलीला आई नव्हती आणि वडील मितभाषी होते, त्यामुळे बोलायचं सगळं काम मावशीकडे आपसूक आलं होतं.

शाल्मली पूल तपासायची. कमरेला दोर बांधून पुलाच्या पोटाखाली उतरायचं, काँक्रीटवर हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, भरीव की पोकळ ते ठरवायचं, तडे मोजायचे. दिवाळीनंतर तिला आसामात जायचं होतं. ब्रह्मपुत्रेवरच्या पुलांच्या तपासणीचं दोन वर्षांचं काम तिच्या हाती येणार होतं. तिच्या खात्यात असं काम पन्नाशीच्या अलीकडे कोणाला मिळालं नव्हतं. म्हणून ती प्रत्येक मुलाला पहिलाच प्रश्न विचारायची, "दिवाळीनंतर मी दोन वर्षं नसेन. चालेल?"

सगळे चालेल म्हणायचे. नाही म्हणणारा मुलगा आता मिळत नाही; ती जमात नामशेष झाली आहे.

"तोंडानं सगळेच पुढारलेले," मावशी म्हणाली. "टीव्ही लावायला सांगू."

यात एक अडचण होती. पाहुण्यांचे चेहरेही कॅमेऱ्याला दिसतात. त्यांची नाडी यजमानांच्या नाडीत मिसळली तर घराची खरी परीक्षा होणार नाही. म्हणून मुलीकडच्या बायकांनी मालिका लागल्यावर डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर ओढून बसायचं, असा रिवाज पडला. तीन पिढ्यांनी मोठ्या कष्टाने डोक्यावरून खांद्यावर आणलेला पदर असा पुन्हा वर गेला, तोही सासर पुढारलेलं आहे की नाही हे तपासण्यासाठी. शाल्मली पंजाबी ड्रेस घालायची; तिच्यासाठी मावशीने एक जाड ओढणी पिशवीत ठेवली होती.

पहिलं स्थळ कऱ्हाडचं. मुलगा म्हणाला, मुलींनी करिअर करावं. त्यांच्या टीव्हीवर सौदामिनीने स्वतःच्या बढतीचा कागद देवघरातल्या समईवर जाळला आणि त्यावर दिराच्या मुंजीचं दूध तापवलं.

दुसरं पुण्याचं. तिथे पुस्तकांच्या कपाटांमुळे टीव्ही शोधावा लागला. त्यांची सौदामिनी दिल्लीला निघाली होती, आणि नवरा तिचे दोन्ही खांदे धरून म्हणत होता, "जा सौदामिनी. मी तुला पंख देतो." मागे सनई. मुलाच्या वडिलांनी डोळे पुसले.

"पंख देतो म्हणे," मावशी जिना उतरताना म्हणाली. "कोंबड्यांचं दुकान आहे का ह्यांचं?"

तिसरं स्थळ कोल्हापूरचं. रावसाहेब बाबर, पाण्याच्या पंपांची मोठी शोरूम. मुलगा पुष्कराज, वडिलांबरोबरच धंद्यात. त्याची आई वैजयंताबाई पोहे देऊन सोफ्याच्या टोकाला बसल्या, उठायला सोपं पडेल अशा बेताने.

"रोज बघता ना मालिका?" मावशीने पदराआडून विचारलं.

"म्हणजे काय! आमच्यात रोज चालूच असतो टीव्ही," रावसाहेब मोबाईलवरून मान न उचलता म्हणाले. पुष्कराजही मोबाईलवर कुठल्यातरी गिऱ्हाईकाला पंपाचा फोटो पाठवत होता.

मालिका लागली. बाबरांच्या घरची सौदामिनी दिवाणखान्याच्या मध्यभागी उभी होती. सासरा म्हणाला, "उंबरा ओलांडलास तर परत येता येणार नाही." सौदामिनीने बॅग उचलली. सनई वाजली नाही. कोणी पंख दिले नाहीत, रडलं नाही, मंगळसूत्र तीन वेळा जवळून दाखवलं नाही. ती नुसती चालत दाराबाहेर गेली, रस्त्यावर रिक्षा थांबवली, आणि हिमालयात बोगदा खणायला निघून गेली. भाग संपला. रावसाहेबांनी मान वर करून "संपला होय?" विचारलं.

रस्त्यावर आल्यावर मावशीने शाल्मलीचा दंड धरला. "मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही बघ तिनं. आणि ह्यांच्या घरात कुणाला काही वाटलं नाही. शालू, हे स्थळ सोडायचं नाही."

शाल्मलीने सोडलं नाही. ती स्वतः मालिका बघत नसे. ज्या बाईचा पगार कधी झालेला दाखवत नाहीत तिच्या कर्तबगारीवर विश्वास कसा ठेवायचा, असं तिचं म्हणणं होतं. पण मोजमापावर तिचा विश्वास होता, आणि ही एका परीने चाचणीच होती. पुलाला विचारून कळत नाही तो किती भार सोसेल. ठोकून बघावं लागतं. बाबरांचं घर तिने ठोकून पाहिलं होतं. आवाज भरीव आला होता.

मे महिन्यात लग्न झालं.

घर खरोखर चांगलं होतं. पुष्कराज विनोदी होता, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या विनोदालाही हसायचा. शाल्मली सांगली-मिरजेकडचे पूल तपासून सिमेंटच्या धुळीने माखून आली की दारातच म्हणायचा, "आई, पुतळा आलाय गं, पाणी टाक ह्याच्यावर." रावसाहेब तिच्या हातोडीचं कौतुक करायचे. पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या सूनबाई नुसत्या आवाजावरनं पूल ओळखत्यात." वैजयंताबाई फारसं बोलत नसत, पण शाल्मलीच्या ताटात आधी भाकरी पडायची.

संध्याकाळी सगळे दिवाणखान्यात बसत. मालिकेमुळेच हे लग्न जमलं याचा रावसाहेबांना अभिमान होता, म्हणून पूर्वी शोरूम बंद करून उशिरा येणारे बापलेक आता वेळेवर येऊन मोबाईल घेऊन टीव्हीसमोर बसत. शाल्मली सासूशेजारी बसायची. आता ओढणी ओढायचं कारण नव्हतं. ती घरचीच होती.

श्रावणात सौदामिनीने हिमालयातून घरी फोन केला.

"का केला हिनं फोन?" वैजयंताबाई पुटपुटल्या.

गणपतीत सौदामिनीच्या सासऱ्याचा आवाज फोनवर कापरा झाला. नवरात्रात बोगद्याच्या तोंडाशी उभी राहून ती घरचा फोटो बघू लागली. तिचा चेहरा आता वेगळा दिसायचा, कडेने उजेड टाकल्यासारखा. दसऱ्याला तिने रजेचा अर्ज केला.

शाल्मलीला कळायचं ते कळलं. दिवाळी तोंडावर आली होती. ती पुष्कराजला गच्चीवर घेऊन गेली.

"सौदामिनी परत निघालीय."

"कोण? अच्छा, ती. मग?"

"मग काय? तुम्ही दोघं रोज समोर बसायला लागलात आणि ती परत निघालीय. तुला मी जायला नकोय. तसं सरळ सांग."

"मी कधी नको म्हटलं?"

"तू नाही म्हटलंस. तुझी नाडी म्हणतेय."

"अगं, नाडी काय म्हणते ते मला कसं कळणार? मी काय म्हणतोय ते ऐक की. जा. तिकीट मी काढून देतो."

"तोंडानं जा म्हणणारी तीन घरं बघितलीत मी, पुष्कराज. एकानं नाही म्हटलं नव्हतं."

त्याला ते लागलं. तो खरोखर तसा नव्हता, निदान त्याला तसं वाटत होतं, आणि आपण तसे नाही हे सिद्ध करायला माणूस काय वाटेल ते करतो. तो खाली आला, वाहिनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला आणि आवाज मोठा करून टीपॉयवर ठेवला. रावसाहेब, वैजयंताबाई, शाल्मली सगळे समोर.

पलीकडून एका मुलीचा गोड आवाज आला. मुलगी होती की यंत्र, हे विचारणं हल्ली असभ्य समजतात.

"नमस्कार सर. आपल्या घरात दोन प्रेक्षक नोंदलेले आहेत. दोन्ही महिला."

"आणि आम्ही दोघं? मी आणि आबा?"

"आपले डोळे पडद्यावर नसतात, सर. आपली नोंद फर्निचर अशी आहे."

रावसाहेबांनी पहिल्यांदाच मोबाईल खाली ठेवला.

"मग सौदामिनी परत का येतीय?" पुष्कराजने विचारलं.

"एका प्रेक्षकाची पचनरेषा खूप वर आहे, सर. आमच्या विभागात सर्वात वर. सौदामिनी घर सोडते तेव्हा त्यांचा श्वास मोकळा होतो. दुसऱ्या प्रेक्षक मे महिन्यापासून नव्याने दिसतात. सौदामिनी घरापासून लांब गेली की त्यांची नाडी बिघडते. घरच्यांची आठवण दाखवली की स्थिर होते. त्यांच्या सोयीसाठी कथानक बदललेलं आहे. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

कोणाला मदत नको होती.

लग्नाआधी तीन घरांची परीक्षा झाली होती. तीनही वेळा शाल्मली ओढणीखाली बसली होती. एका माणसाची चाचणी राहिली होती, आणि ती राहील याची मावशीने पुरेपूर काळजी घेतली होती.

"बघ!" पुष्कराज म्हणाला. शतक ठोकल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "मी नव्हतो! सांगत होतो की नाही?"

तो निर्दोष सुटला होता. सुटलेला माणूस निकालपत्र पुढे वाचत नाही.

त्यानंतरचे दिवस फार मायेचे गेले. रागावलेल्या माणसांपुढून निघून जाता येतं. मायेच्या माणसांपुढून निघायला कारण द्यावं लागतं, आणि शाल्मलीकडचं कारण आता यंत्राने काढून घेतलं होतं.

"पोरी, तुझंच मन न्हाई तर कशाला जिवाला ताप?" रावसाहेब म्हणाले. "आम्ही कोण अडवणार? पण मशीनचं काय तुझ्याशी वैर हाय होय?"

"आबा, मला पुलावर उतरताना रोज भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते."

"मग रोज कशाला उतरतीस?"

"पूल तपासायला."

रावसाहेबांना हे उत्तर विनोदी वाटलं. त्यांनी ते पाहुण्यांना सांगितलं.

मावशीचा साताऱ्याहून फोन आला. "शालू, लोकांचं काय मनावर घेऊ नकोस. पण हे तर तुझ्याच आतलं आहे गं. स्वतःशी कशाला भांडायचं? आणि समज, तिकडं जाऊन रडत बसलीस तर?"

"तर रडेन, मावशी. रडून झालं की कामाला जाईन."

"असं कुठं असतं?"

असं मालिकेत खरोखरच कुठे नसतं. सौदामिनी एकतर गरजते, नाहीतर कोसळते. घाबरलेली बाई बॅग भरतेय, असा प्रसंग वाहिनीच्या कुठल्याही संगणकाने आजवर घडवलेला नाही, कारण तो कोणत्याच घराला लागू पडत नाही. ज्यांना घाबरलेली बाई आवडते त्यांना ती घरात हवी असते. आणि ज्यांना तिने घर सोडावं असं वाटतं, त्यांना ती घाबरलेली चालत नाही.

सर्वात अवघड पुष्कराज होता, कारण तो प्रामाणिक होता.

"हे बघ," तो म्हणाला. "मला माहीत नसतं तर मी तुला हसत सोडायला आलो असतो. पण आता मला कळलंय की आतून तुला नकोय. मग आता मी जा म्हटलं तर ते ढकलल्यासारखं होईल की नाही? मी तसला नवरा नाही."

"आणि मी तोंडानं सांगतेय, मला जायचंय. ते?"

"परवा गच्चीवर तूच म्हणालीस," तो म्हणाला. "तोंडानं सगळेच म्हणतात."

नियम तिचाच होता.

खात्यातून विचारणा झाली. साहेब म्हणाले, काही घरगुती अडचण असेल तर लाजू नका, दुसरा माणूस तयार आहे. घरगुती अडचण हा शब्द त्यांनी इतक्या सहानुभूतीने उच्चारला, की तो बायकांसाठी राखीव ठेवलेल्या डब्यासारखा वाटला. शाल्मली म्हणाली, "उद्या सांगते." फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवावीशी वाटली. तिने ठेवली. नाडी जोरात होती. मग ती का जोरात आहे, जायच्या विचाराने की राहायच्या, हे ती बराच वेळ ठरवत बसली आणि ते काही ठरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक शोरूमला गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. वैजयंताबाई चकलीची भाजणी चाळत होत्या.

"आई, तुम्हीच एकट्या काही बोलला नाहीत."

"मला कोण विचारलं?"

"मी विचारते."

वैजयंताबाईंनी चाळणं थांबवलं नाही. "तू यायच्या आधी हे दोघं उशिरा यायची. मी एकटीच बघायची. ती बॅग उचलायची ना, तवा मला भूक लागायची. एरवी जेवायचं म्हणून जेवते. तू आलीस आणि तिला फोन करायला लावलास. राग आला होता मला तुझा. आधी वाटलं ह्यांचंच काम. मग ती फोनवरली पोरगी बोलली."

"मला माहीत नव्हतं, आई."

"तुला कसं ठाऊक असणार? मलातरी कुठं ठाऊक होतं की विभागात माझा पहिला नंबर हाय." त्या पहिल्यांदाच हसल्या, आवाज न करता. "आता ऐक. माझी नाडी रोज संध्याकाळी काय म्हणत होती? जा म्हणत होती. किती वर्षं म्हणतीय. त्या मालिकेच्या आधीपासनं म्हणतीय. मी गेले का?"

शाल्मली भाजणीकडे बघू लागली.

"बोल की. गेले का मी?"

"नाही."

"माझी जा म्हणतीय आणि मी बसलीय. मग तुझी बस म्हणतीय म्हणून तू बसलंच पाहिजेस, असं कुठं हाय? नाडीचं ऐकायचं असतं तर सगळ्यात आधी ह्या घरातनं मी गेले असते." त्यांनी भाजणीचा डबा तिच्याकडे सरकवला. "तेलाचं मोहन घाल. आणि साहेबाला फोन कर. चकल्या बरोबर न्यायला होतील."

शाल्मली भाऊबीज झाल्यावर निघाली. पुष्कराज स्टेशनवर सोडायला आला, दोन्ही बॅगा त्यानेच उचलल्या. बायको तिच्या मनाविरुद्ध जात आहे आणि आपण तिला जाऊ देत आहोत, असा दुहेरी त्याग त्याच्या चेहऱ्यावर होता, आणि प्लॅटफॉर्मवर भेटलेल्या दोन ओळखीच्यांना त्याने तो समजावूनही सांगितला. गाडी हलली तेव्हा त्याने हात केला. शाल्मलीने खिडकीची दांडी इतकी घट्ट धरली होती, की तिला उलट हात करता आला नाही. तो ते विसरला नाही.

संक्रांतीपर्यंत त्याचे रोज फोन येत. नंतर दिवसाआड. पुढे तो बोलता बोलता म्हणू लागला, "तिकडं सुखी नाहीस हे मला माहीत आहे, फक्त तू कबूल करत नाहीस," आणि ती म्हणू लागली, "ठेवते, काम आहे." दोघांचंही म्हणणं खरं होतं. खरं बोलूनही संसाराची इतकी नासाडी करता येते, हे दोघांनाही नवीन होतं. शिमग्याच्या सुमाराला कोल्हापुरात लोक रावसाहेबांना हळू आवाजात विचारू लागले, आणि रावसाहेब म्हणत, "मशीननं आधीच सांगितलं होतं."

ब्रह्मपुत्रेकाठच्या विश्रामगृहात तिच्या खोलीतही टीव्ही होता. एका संध्याकाळी तिने तो लावला आणि उघड्या चेहऱ्याने एकटीच समोर बसली. 'मर्जी'ने तिला काही क्षणांत ओळखलं. सौदामिनी सासरच्या अंगणात आली, सासूच्या कुशीत शिरली, आणि सगळं घर तिच्याभोवती गोळा झालं. प्रसंग फारच चांगला जमला होता. शाल्मलीला रडू आवरेना, म्हणून 'मर्जी'ने तो आणखी लांबवला. तो संपेपर्यंत शाल्मलीने बघितला. सकाळी ती नेहमीप्रमाणे दोर बांधून पुलाखाली उतरली, तेव्हा गुडघे नेहमीप्रमाणे कापत होते. चौथ्या खांबावर तिला पोकळ आवाज लागला. खात्याने जड वाहनं त्याच दुपारी थांबवली.

ही बातमी तिने पहिल्यांदा सासूला कळवली. नवऱ्याला कळवण्यात अर्थ नव्हता; गुडघे कापत होते का, एवढंच त्याने विचारलं असतं.

"ट्रक थांबवलेस?" वैजयंताबाई म्हणाल्या. "तू सांगितल्यावर थांबले?"

"थांबले."

"बाई गं." मग बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू आला.

"तुमच्याकडं कसं चाललंय, आई?"

"आता झ्याक चाललंय. हे दोघं पुन्हा उशिरा यायला लागलेत. ती परत गेली की हिमालयात! काल सासऱ्याला काय बोलली, काय बोलली! तू असतीस तर तुला धाप लागली असती."

शाल्मली हसली. मग म्हणाली, "आई, तुम्ही इकडंच या ना. थोडे दिवस. तिकीट मी पाठवते. इथून नदी अशी दिसते, पलीकडचा काठच दिसत नाही. आबांना मी सांगते."

पलीकडे चाळणीचा, भांड्याचा, कसलाच आवाज नाही. शाल्मलीला वाटलं, बॅगेचा विचार करत असतील.

"मला? आत्ता?" वैजयंताबाई शेवटी म्हणाल्या. "आत्ता कसं जमंल गं. मालिका बुडंल की."

"टीव्ही इथंही आहे, आई."

"तो तुझा. तिथली सौदामिनी घरी येतीय." त्यांचा आवाज खाली आला, कोणी ऐकेल म्हणून नव्हे, नुसता सवयीने. "माझी आत्ता कुठं सुटलीय बाळा. मी आले तर तिला कोण बघंल?"